बँकेचा मेल भाच्याला, लिंक मामाला : खोटे मेल ओळखायचे कुणी?

तापीकाठ

चोपडा तालुक्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीक विमा, पॅन, कॉलेजचे फॉर्म, जे येईल ते. बँकेच्या नावाने येणारे खोटे मेल कसे ओळखावेत यावर पुष्कळ वाचायला मिळतं. पण लिहिणारे एक गोष्ट धरूनच चालतात, की ज्याचं खातं त्याचाच मेल आयडी, आणि तोच मेल उघडून वाचणार. आपल्याकडे कितीतरी घरांत तसं नसतं.

खातं नानांचं, आणि बँकेच्या फॉर्मवर आयडी पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याचा. किंवा मुलीच्या दहावीनंतर ॲडमिशनसाठी काढलेला आयडी, तोच पुढे घरातल्या चौघांच्या खात्यांना लावलेला. काहींचा आयडी तर माझ्यासारख्या सेंटरवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड सेंटरच्या वहीत, आणि खातेदाराला आपल्याला मेल आयडी आहे हेच ठाऊक नाही.

म्हणून मेल येतो भाच्याला. तो कामात असतो. लिंक कॉपी करतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो, 'मामा, बँकेचा मेल आलाय, केवायसी करून घ्या.' मेलमध्ये निदान पाठवणाऱ्याचा पत्ता होता, कदाचित जीमेलने वर धोक्याची पट्टीही दाखवली होती. व्हॉट्सॲपवर येईपर्यंत ते सगळं गळून पडलं. उरली लिंक, आणि वर भाच्याचं नाव. नाना बँकेवर एकवेळ ठेवणार नाहीत, भाच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात.

या आठवड्यात माझ्याकडे आलेला नमुना असा होता : 'प्रिय ग्राहक, आपल्या खात्याची केवायसी मुदत संपली आहे. आज रात्री १२ वाजेपर्यंत माहिती अद्ययावत न केल्यास खाते गोठवण्यात येईल व शासकीय अनुदान जमा होणार नाही.' खाली बँकेचा लोगो, निळं बटण. भाषा एकदम स्वच्छ. पूर्वी 'शुद्धलेखनाच्या चुका शोधा' असं सांगायचे, ते दिवस गेले. आता चुका शोधायच्या तर आमच्या सरकारी पोर्टलवर जास्त सापडतात.

अनुदानाची ओळ मुद्दाम लिहिली. पीएम किसानचे २,००० कधी पडतात याकडे अख्खं गाव डोळे लावून असतं, हे त्या मेलवाल्याला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्याकडे कोणते नमुने आलेत? आणि तुम्ही कशावरून ओळखता? लिहा.

टोकन_नंबर_१७

धुळे जिल्ह्यातल्या एका शाखेतून निवृत्त झालो. तापीकाठ भाऊ, तुमच्या नमुन्यातली 'आज रात्री १२' हे तीनच शब्द त्याला उघडं पाडायला पुरेसे आहेत.

केवायसी वेळोवेळी अद्ययावत करावी लागते, हे खरं आहे, आणि म्हणूनच ही थाप चालते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जोखीम जास्त असलेल्या ग्राहकांची किमान २ वर्षांतून एकदा, मध्यमवाल्यांची ८ आणि कमी जोखमीच्यांची १० वर्षांतून एकदा. आपले शेतकरी, पेन्शनर बहुतेक या शेवटच्या गटात येतात. जून २०२५ मध्ये त्यात भर पडली. मुदत संपण्याआधी बँकेने किमान ३ वेळा कळवायचं, त्यातलं एक तरी पत्राने. मुदत उलटल्यावर पुन्हा किमान ३ आठवणी, त्यातही एक पत्र. जी गोष्ट कळवायला बँकेला इतके सोपस्कार करावे लागतात, ती एका मेलवर रात्री बाराला संपत नाही.

दुसरं, पत्ता वगैरे काही बदललं नसेल तर 'बदल नाही' एवढं लिहून दिलं तरी भागतं. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये यासाठी ग्रामपंचायतींत शिबिरं लागली होती, आठवत असेल. यातल्या कुठल्याही मार्गात नेटबँकिंगचा पासवर्ड, एटीएमचा पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे कुणाला सांगावे लागत नाहीत. मी इतकी वर्षं काउंटरवर बसलो, केवायसीसाठी कुणाला पिन विचारायची वेळ आली नाही.

केळी_कटाई

वाचतोय. आमच्या सावद्याकडे केळीचे पैसे जमा व्हायच्या दिवसांत असले मेल-मेसेज जास्त येतात असं वाटतं. का आपलंच लक्ष तेव्हा खात्याकडे जास्त असतं, कोण जाणे.

पारोळा_ते_हिंजवडी

मीच तो भाचा. म्हणजे तुमच्या नानांचा नाही, पण घरातल्या सहा जणांच्या खात्यांना माझाच आयडी आहे. धागा वाचून बरंच लागलं.

थोडं कामाचं लिहितो.

मोबाइलवर जीमेल पाठवणाऱ्याचं फक्त नाव दाखवतं. नाव कुणीही काहीही ठेवू शकतो, मी उद्या माझ्या आयडीला 'रिझर्व्ह बँक मुंबई' नाव देऊ शकतो. नावाखाली बारीक अक्षरांत 'टू मी' असतं, त्याच्या बाजूच्या बाणावर टिचकी मारली की खरा पत्ता दिसतो. लिंकचंही तसंच. बटणावर लिहिलेलं वेगळं आणि बटण नेतं ते ठिकाण वेगळं. मोबाइलवर बटण दाबून धरलं, सोडलं नाही, की पत्ता वर येतो. कॉम्प्युटरवर माउस नुसता वर ठेवला की खाली डाव्या कोपऱ्यात दिसतो.

आता तो पत्ता वाचायचा कसा. आपण डावीकडून वाचतो, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. पत्त्यात सुरुवातीच्या दोन रेघा सोडून जी पहिली तिरपी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून डावीकडे या. शेवटचे तुकडे मालक सांगतात. समजा 'अबक' नावाची बँक आहे. 'अबक डॉट बँक डॉट इन' हा पत्ता बँकेचा. 'अबक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी डॉट टॉप' यात बँकेचं नाव पुढे मिरवलंय, पण मालक आहे 'केवायसी डॉट टॉप'वाला कुणीतरी. आणि 'अबक-बँक डॉट इन', म्हणजे मध्ये डॉटऐवजी आडवी रेघ, हा तिसऱ्याच माणसाचा. घाईत डॉट आणि रेघ यातला फरक कळत नाही.

'डॉट बँक डॉट इन' मुद्दाम लिहिलं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट या शेपटावर न्यायला सांगितल्या. हे नाव हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते, आणि बँकांनाच देते. त्यामुळे स्टेट बँक आता 'एसबीआय डॉट बँक डॉट इन'वर सापडते. एक मात्र ध्यानात घ्या, साइटचं नाव बदललं म्हणून बँकेच्या सगळ्या मेलचे पत्तेही लगेच बदललेत असं धरू नका. जुन्या पत्त्यावरून आलेला मेल खोटाच असेल असं नाही.

कुलपाच्या चिन्हावर तर अजिबात जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. साइटच चोराची असेल तर तुम्ही चोराशी खासगीत बोललात, बस. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूप काढूनही टाकलं.

भरीत_पार्टी

हे सगळं वाचून माझ्या वडिलांना समजावून सांगायला मला एक रविवार लागेल. आणि सोमवारी ते विसरतील.

शिवाय खऱ्या बँकांचं काय? माझी बँक (नाव घेत नाही) दर आठवड्याला 'तुमच्यासाठी मंजूर कर्ज, आजच शेवटचा दिवस' असा मेल पाठवते. भलंमोठं लाल बटण. दाबून धरून पाहिलं तर पत्ता बँकेचा नाहीच, कुठल्या तरी जाहिरातीच्या कंपनीचा, आणि तो पुढे बँकेच्या साइटवर जातो. मेल खरा आहे, शाखेत विचारून खात्री केली. मग वर दिलेल्या सगळ्या कसोट्यांत बँकेचा खरा मेल नापास. एकीकडे 'लिंकवर क्लिक करू नका' म्हणायचं आणि दुसरीकडे रोज क्लिक करायची सवय लावायची, हा काय प्रकार आहे?

पारोळा_ते_हिंजवडी

@भरीत_पार्टी, बरोबर आहे. किती लोकांनी क्लिक केलं हे मोजायला तसल्या मधल्या लिंका टाकतात. आणि उलटंही होतं. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन तपासण्या पास की नापास ते दिसतं. त्या नापास असतील तर संशय घ्यायलाच हवा. पण पास असल्या म्हणजे मेल बँकेचा असं नाही. ज्या पत्त्यावरून आलाय म्हणतो तिथूनच आलाय, इतकंच त्यातून कळतं. चोराने स्वतःच्या नावाचा पत्ता रीतसर विकत घेतला असेल तर तो तिन्हींत पास होतो.

तापीकाठ

भरीतभाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. सेंटरवर बसून माझं हेच मत झालंय. खरा-खोटा ओळखायची परीक्षा आपण द्यायचीच कशाला? पेपर तो काढणार, तोच दर आठवड्याला बदलणार, आणि आपण एकदा नापास झालो की खातं रिकामं.

मेल खरा असो की खोटा, त्यातून आपण एकच गोष्ट घ्यायची, की बँकेचं काहीतरी म्हणणं असू शकेल. पुढे आपल्या वाटेने जायचं. मोबाइलमध्ये आधीपासून असलेलं ॲप उघडायचं, किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर फोन करायचा, नाहीतर शाखेत जायचं. मेल खरा असेल तर तीच गोष्ट तिथेही दिसेल. नुकसान काय, दहा मिनिटं.

फक्त पासबुकावरचाच नंबर घ्या. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसेल तो लावू नका, तिथेही हेच लोक नंबर पेरून ठेवतात.

अहिरानी_गडी

मन्ही माय म्हनस, पैसा बँकमा शेतस, मंग इचारनं व्हई ते बँकमाच जाईसन इचारो. तुम्ही एवढं लांबलचक लिखं, तिनं एक ओळमा निपटाडं.

केळी_कटाई

😂😂 माय जिंदाबाद.

शिरपूरची_बाई

मी शाळेत शिकवते. मला आलेल्या मेलमध्ये लिंक नव्हतीच, त्यामुळे दाबून धरायलाही काही नव्हतं. फक्त एक जोडलेली फाइल, नाव 'स्टेटमेंट'. माझं खरं स्टेटमेंट दर महिन्याला पीडीएफमध्ये येतं आणि उघडताना पासवर्ड मागतं. ही फाइल टिचकी मारल्याबरोबर उघडली. हुबेहूब बँकेचं लॉगिनचं पान! वर पत्त्याच्या जागी बँकेची साइट नव्हती, फोनमधल्याच फाइलचं नाव होतं आणि त्याच्या शेवटी डॉट एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची फाइल. मी तिथेच बंद केली. पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून ती खरी, असंही समजू नका. पण स्टेटमेंट म्हणून आलेली फाइल लॉगिन करायला सांगत असेल तर तिला काही अर्थच नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये आणखी एकीला मेलमध्ये क्यूआर कोड आला होता. 'मोबाइलने स्कॅन करून खाते पडताळा.' कोडमधला पत्ता डोळ्यांना वाचता येत नाही, म्हणूनच तो वापरत असावेत.

पारोळा_ते_हिंजवडी

ताई, नेमकं निरीक्षण. लिंक असली की मेलसेवेची चाळणी तपासते. फाइलमध्ये किंवा चित्रात लपवली की चाळणीतून निसटायची शक्यता वाढते.

आणखी एक, जे मी घरी सगळ्यांच्या फोनमध्ये करून दिलंय. पासवर्ड ब्राउझरमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये साठवून ठेवला तर तो फक्त खऱ्या पत्त्यावरच आपोआप भरला जातो. पान कितीही हुबेहूब असू दे, पत्ता वेगळा असेल तर रकाना रिकामा राहतो. आपण लोगो बघून फसतो, त्याला लोगो दिसतच नाही. रकाना रिकामा राहिला तर हाताने टाइप करायच्या आधी थांबायचं. फोनला स्क्रीनलॉक मात्र हवाच.

जिनिंगचा_मुनीम

जळगावात एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. सगळे केवायसीवर बोलतायत, पण धंद्यात आणखी एक प्रकार आहे आणि त्यात आकडे मोठे असतात.

आम्ही गुजरातमधल्या एका पार्टीकडून मशीनचे सुटे भाग घेतो. त्यांच्या नावाने मेल आला, 'आमच्या बँक खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचं पेमेंट सोबतच्या खात्यावर करा.' सोबत लेटरहेड, रद्द केलेला चेक, शिक्का. बिलाचा नंबरही बरोबर! मी फक्त सवयीने जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन लावला. त्यांनी असं काही पाठवलंच नव्हतं.

मग पत्ता नीट पाहिला. कंपनीच्या इंग्रजी नावात 'एम' आहे. या मेलमध्ये 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी होते. लहान लिपीत, लहान स्क्रीनवर, दोन्ही सारखेच दिसतात. बिलाचा नंबर त्यांना कसा कळला? दोघांपैकी कुणाचा तरी मेलबॉक्स आधीच कुणीतरी वाचत होतं, दुसरं काय. तसं असेल तर पुढच्या वेळी मेल अगदी खऱ्या पत्त्यावरूनही येऊ शकतो, आणि मग तुमचं ते उजवीकडून वाचणं काही कामाचं नाही. आमच्याकडे आता खातं बदलल्याचा मेल आला की फोन झाल्याशिवाय रुपया हलत नाही. आणि फोन जुन्या नंबरवर, त्या मेलमध्ये दिलेल्या नव्हे.

नको_नाव

घाईत लिहितोय. नंदुरबारला मेव्हण्याने काल रात्री असल्याच एका मेलवर युजर आयडी, पासवर्ड आणि आलेला ओटीपी टाकला. सकाळी ३८,००० गेल्याचं दिसलं. ओटीपी एकदाच येतो आणि लगेच संपतो ना, मग तो वापरला कसा? आणि आता काय करायचं?

टोकन_नंबर_१७

हे वाचायच्या आधी १९३० लावा, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. मग वाचा.

१९३० वर व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ सांगा. ती तक्रार ज्या बँकेत पैसे गेले तिथपर्यंत पोचवून रक्कम तिथेच अडवायचा प्रयत्न होतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची. दुसऱ्या फोनवरून त्याच वेळी बँकेला सांगून नेटबँकिंग आणि कार्ड बंद करा. नंतर शाखेत लेखी अर्ज, पोच घ्या. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते.

ओटीपीचं असं, की तुम्ही खोट्या पानावर आयडी-पासवर्ड टाकता तेव्हाच पलीकडचा तो खऱ्या साइटवर टाकतो. खरी बँक खरा ओटीपी तुमच्या फोनवर पाठवते. तुम्ही तो खोट्या पानावर लिहिता, तो लगेच खऱ्या पानावर भरतो. ओटीपी संपायच्या आत काम झालेलं असतं.

पैसे परत मिळण्याबद्दल उगाच आशा लावत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचे नियम घातले. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुणाची, अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० पर्यंतचा भार. पण पासवर्ड ग्राहकाने स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीला १४४४८ हा नंबर आहे.

आणि मेव्हण्यांना बोलू नका. शरमेपोटी दोन दिवस गप्प बसलेले खातेदार मी पाहिलेत. ते दोन दिवस चोराला पुरतात.

नको_नाव

१९३० लागला. तक्रार क्रमांक मिळाला. थोडी रक्कम पुढच्या खात्यात थांबली असं म्हणतायत, किती ते अजून सांगितलं नाही. आता शाखेत निघालोय. धन्यवाद काका.

भुसावळ_आउटर

आमचं खातं पतसंस्थेत आहे. तिच्या साइटला 'डॉट बँक डॉट इन' नाही. म्हणजे खोटी?

टोकन_नंबर_१७

नाही. पतसंस्था ही बँक नाही, तिला ते नाव मिळणारच नाही. सहकारी बँक वेगळी, ती रिझर्व्ह बँकेच्या नियमांत येते. पतसंस्थेच्या नावाने मेल आला तर सरळ चेअरमनच्या घरी जा, तसंही ते गल्लीतच राहत असतील.

पारोळा_ते_हिंजवडी

आज घरी फोन करून सहाही खात्यांची यादी केली. बाबांच्या आणि काकूंच्या खात्याला त्यांचाच आयडी लावायचाय. तो ऑनलाइन बदलता येतो का, की शाखेतच जावं लागेल?

तापीकाठ

काही बँकांत ॲपमधून होतो, काहींत शाखेत फॉर्म आणि ओळखपत्र लागतं. वडीलधाऱ्यांचं शाखेतूनच करा, मोबाइल नंबर जुना राहिलाय का तेही तेव्हाच बघून होईल. नवीन आयडी काढाल तर पासवर्ड त्यांच्याच डायरीत, सेंटरवाल्याच्या वहीत नको. हे मी सेंटरवाला असून सांगतोय.

आणि तोवर तुमच्याकडे मेल आलाच, तर लिंक पाठवू नका. फोन करा. 'बाबा, बँकेच्या नावाने काहीतरी आलंय, गुरुवारी बाजाराला जाल तेव्हा शाखेत विचारून या', एवढंच.

केळी_कटाई

व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल फिरतेय, तिच्याबद्दल पण सांगा कुणीतरी. आमच्या ग्रुपवर तिघांनी उघडली.

धागापाल

ती एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल असणार. ज्यांनी इन्स्टॉल केली त्यांनी आधी फोनचं नेट बंद करावं आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं. बाकी चर्चेसाठी नवीन धागा काढा, इथे मेलपुरतंच राहू द्या.